तपासणीत उत्तम ठरलेले जैवभाराचे मॉडेल नव्या वनक्षेत्रात का ढासळते?

पर्णछाया (प्रश्न):
नमस्कार. उपग्रह-प्रतिमांवरून वनातील जैवभाराचा (झाडांच्या एकूण कोरड्या वजनाचा) अंदाज बांधण्याचे काम मी करत आहे. शंभरेक नमुना-भूखंडांत झाडांचे घेर आणि उंची मोजून जैवभार काढला, सेंटिनेल-२ उपग्रहांच्या २०२१ मधील प्रतिमांतून एनडीव्हीआय (हिरवाईचा निर्देशांक) व इतर निर्देशांक घेतले आणि रँडम फॉरेस्ट (अनेक निर्णयवृक्षांची सरासरी घेणारी यंत्र-शिक्षणाची) पद्धत वापरून मॉडेल तयार केले. क्रॉस-व्हॅलिडेशनमध्ये (काही भूखंड आळीपाळीने बाजूला ठेवून केलेल्या तपासणीत) आर-वर्ग (अंदाज मोजमापाशी किती जुळतो ते सांगणारा आकडा; १ म्हणजे पूर्ण जुळणी) ०.८ च्या आसपास येतो. तेच मॉडेल २०२३ च्या प्रतिमा घेऊन शेजारच्या वनक्षेत्राला लावले, तर दाट जंगलाच्या जागी विरळ झुडुपे असावीत असे आकडे येतात. मी त्या जंगलात स्वतः हिंडलो आहे. तिथे भर दुपारीही जमिनीवर ऊन पोहोचत नाही. दोष मॉडेलचा की माझ्या नमुन्यांचा?

निकट-अवरक्त:
मॉडेलकडे वळण्यापूर्वी आपण दिलेली दोन वर्षे पाहा. २५ जानेवारी २०२२ पासून सेंटिनेल-२ च्या प्रक्रियेची ०४.०० ही आवृत्ती लागू झाली आणि साठवलेल्या प्रत्येक मूल्यात १००० मिळवले जाऊ लागले. परावर्तन (पृष्ठभागावरून परतणाऱ्या प्रकाशाचे प्रमाण) काढताना आधी ते १००० वजा करून मग १०,००० ने भागायचे असते. समजा, दाट पानोऱ्याचे लाल पट्ट्यातील परावर्तन ०.०४ आणि निकट-अवरक्त पट्ट्यातील ०.३२ आहे. जुन्या फाइलमध्ये ४०० आणि ३२०० हे आकडे असतील व एनडीव्हीआय ०.७८ येईल. नव्या फाइलमध्ये १४०० आणि ४२०० असतील. वजाबाकी विसरलात तर उत्तर ०.५० येईल. एनडीव्हीआयच्या सूत्रात वरची वजाबाकी (निकट-अवरक्त उणे लाल) तीच राहते, खालची बेरीज (निकट-अवरक्त अधिक लाल) मात्र फुगते, आणि झाडाचे एक पानही न गळता जंगल कागदावर विरळ होते. तपासताना प्रतिमेच्या तारखेवर विसंबू नका, कारण जुनी दृश्येही नंतर नव्या आवृत्तीने पुन्हा प्रक्रिया करून दिली गेली आहेत. फाइलच्या नावातील 'एन' अक्षरापुढचे चार अंक वाचा.

गटवार:
वरील दुरुस्ती आवश्यकच आहे, परंतु त्या ०.८ वर माझा विश्वास बसत नाही. आपले भूखंड नकाशावर कसे विखुरलेले आहेत? शेजारशेजारच्या भूखंडांची माती, उतार आणि वृक्षजाती सारख्याच असतात. यादृच्छिक विभागणीत त्यांतला एक भूखंड शिकवण्यासाठी आणि लगतचा तपासणीसाठी गेला, तर ती परीक्षा उत्तरपत्रिका शेजारी ठेवून दिल्यासारखी होते. मध्य आफ्रिकेतील वनांच्या जैवभारावर २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नेमके हेच दिसले: नेहमीच्या तपासणीत मॉडेल जैवभारातील निम्म्याहून अधिक विचरण (चढउतार) स्पष्ट करत असल्याचे भासले, आणि भौगोलिक अंतर राखून तपासल्यावर त्याची भाकीतक्षमता जवळपास शून्यावर आली. आपणही भूखंडांचे भौगोलिक गट पाडून दर वेळी एक अख्खा गट बाहेर ठेवून पाहावे.

पर्णछाया:
दोघांचेही आभार. फाइलनावांत एन०३०१ आणि एन०५०९ अशी मिसळ निघाली. वजाबाकी केल्यावर झुडुपे नाहीशी झाली. भूखंड मात्र रस्त्यालगतच्या सहा ठिकाणीच एकवटलेले आहेत (चालत जाण्याचा आळस, दुसरे काय!). गटवार तपासणीत आर-वर्ग ०.३ वर उतरला, आणि सर्वांत दाट भूखंडांचा जैवभार अजूनही कमीच येतो.

निकट-अवरक्त:
दाट भूखंडांच्या बाबतीत अडचण मुळातच आहे. पानांचे थर वाढत गेले की लाल प्रकाश वरच्या थरांतच शोषला जातो, एनडीव्हीआय जवळपास स्थिरावतो आणि त्यापुढील फरक त्याला कळत नाही. शिवाय जैवभाराचा मोठा वाटा खोडांत असतो, तर हा निर्देशांक पाने पाहतो. सेंटिनेल-२ चे रेड-एज पट्टे (लाल आणि निकट-अवरक्त यांच्या मधले) थोडी मदत करतात. उंचीची माहिती अधिक उपयोगी पडते. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर डिसेंबर २०१८ मध्ये पाठवलेले जेडी (GEDI) हे लायडार, म्हणजे लेसर किरणांनी अंतर मोजणारे, उपकरण सुमारे २५ मीटर व्यासाच्या ठशांमध्ये वनाची उंची मोजते. ठसे सलग नसतात, त्यामुळे नकाशा आयता मिळत नाही. पण आपल्या क्षेत्रातले ठसे उतरवून भूखंडांतील उंचीशी ताडून पाहा. आणि प्रबंधात ०.३ हाच आकडा द्या, भूखंडांच्या नकाशासह.