महाकाय भोपळ्याचं बी: वाटायचं की विकायचं?

प्रश्न: ओहायोचा_मळा

अटलांटिक जायंट या महाकाय भोपळ्याच्या वाणाचं माझं फळ वे-ऑफला, म्हणजे भोपळे तोलायच्या स्पर्धेत, १,१८६ पौंड भरलं. कुठे भोक नाही, कुज नाही, त्यामुळे वजन अधिकृत धरलं गेलं. आत ३१० भरीव बिया निघाल्या. ज्या बीपासून वेल झाला ती आमच्या भोपळा क्लबातल्या एका जुन्या ग्रोअरनं नुसत्या परतीच्या पाकिटावर, म्हणजे फुकट दिली होती. पराग दुसऱ्या वेलाचा, हातानं घातलेला. दोन्हीकडची वंशावळ लिहिलेली आहे. ऑनलाइन लिलावात अशा बियांना एकेका नगावर पैसे मागतात. फुकट मिळालेल्या बीची पुढची पिढी विकणं चूक आहे का? कायद्याची अडचण येते का? आणि साताऱ्याला भावाकडे दहा बिया टपालानं पाठवता येतील का?

वेलीचा_शेंडा

वाणाच्या हक्काची अडचण नाही. कॅनडात नोव्हा स्कॉशियातल्या विंडसरच्या हॉवर्ड डिल यांनी हा वाण घडवला आणि त्यावर हक्कही नोंदवले होते, पण त्यांची मुदत कधीच संपली. बियाणे विक्रीचे नियम मात्र राज्यागणिक बदलतात. काही ठिकाणी चार पाकिटं विकायलाही परवाना आणि नीट लेबल लागतं, तेव्हा आधी तुमच्या राज्याच्या कृषी खात्याला विचारा.

आता मुख्य मुद्दा. एका वेलाला चारशे ते हजार चौरस फूट जागा लागते. घरचा मळा असलेला माणूस हंगामात दोन-चार, फार तर सहा वेल लावणार. म्हणजे तुमच्या ३१० बियांचा कस तुम्ही एकटे आयुष्यभरात लावू शकत नाही. ती बी चांगली की नाही हे दुसऱ्यांच्या मळ्यात, दुसऱ्यांच्या खतावर आणि घामावर ठरतं. अमेरिकन ग्रोअर रॉन वॉलेस यांचं २,००९ पौंडाचं फळ २०१२ साली मॅसॅच्युसेट्समधल्या टॉप्सफील्डच्या जत्रेत तोललं गेलं, दोन हजारांच्या पुढचं जगातलं पहिलं. २०२५ मध्ये इंग्लंडात पेटन बंधूंनी २,८१९ पौंड गाठले. तेरा वर्षांत आठशे पौंडांची ही वाढ बिया हातोहात फिरल्या म्हणून झाली. पेटीत ठेवलेल्या बीला नाव मिळत नाही.

म्हणून पहिली दोन वर्षं वाटा. सोबत एकच अट घाला: वजन कळवायचं, आणि फळ चांगलं निघालं तर पाच बिया परत.

परसदार

शेंडादादांचं पटतं, पण विकणाऱ्याला सरसकट दोषी धरू नका. बी काढणं, वाळवणं, पाकीट, टपाल, सगळ्याला वेळ आणि पैसा जातो. क्लबसुद्धा चांगल्या बियांचा लिलाव करतात आणि त्यातून वे-ऑफची बक्षिसं उभी राहतात. तुम्हीही दहा-वीस बिया क्लबच्या लिलावाला द्या.

वाईट आहे ते खोटं नाव लावून विकणं. नावाची रीत ठरलेली आहे: वजन, आडनाव, साल. मग कंसात आधी मादी, म्हणजे फळ धरलेला वेल, नंतर नर, म्हणजे पराग दिलेला वेल. मधमाशांनी फळवलेलं असेल तर नराच्या जागी ‘ओपन’ लिहायचं. फळ फाटल्यामुळे अधिकृत ठरलं नसेल किंवा वजन टेपच्या मापावरून काढलेलं असेल, तर तेही नावात यायला हवं. बी डोळ्यांनी ओळखता येत नाही. विकत घेणाऱ्याला फसवणूक कळते ती हंगाम संपल्यावर, आणि त्याचं वर्ष वाया गेलेलं असतं.

आणखी एक. परागाचा परिणाम त्याच फळाच्या आकारावर दिसत नाही, तो बीमध्ये उतरतो. त्यामुळे ‘११८६’ हा आकडा मादी वेलाचं कर्तृत्व सांगतो. पुढच्या पिढीचं निम्मं भांडवल नराचं असतं. नर कोण ते लपवून नुसता आकडा विकणं मला मान्य नाही.

आणि ज्यांनी बी दिली त्यांना आधी विचारा. कायद्यानं गरज नसेल, रीत म्हणून विचारा.

बियांची_बरणी

वाटा किंवा विका, बी उगवलीच नाही तर दोन्ही फुकट. फळ जास्त दिवस ठेवलं तर बिया आतच मोड काढतात, म्हणून वे-ऑफनंतर लवकर कापा. गर चोळून धुवा आणि जाळीवर एका थरात पसरा. वर्तमानपत्र किंवा टिश्यूवर नको, कागद चिकटतो. पंखा लावा, ऊब ३५ अंशांच्या वर जाऊ देऊ नका, दिवसातून दोनदा उलटा. आठ-दहा दिवसांनी एक बी बोटांत वाकवून बघा. लवली तर अजून ओली आहे, कट्‌कन मोडली तर तयार. चपट्या, पोकळ बिया बाजूला काढा, कुणाला देऊ नका.

मग सिलिका जेलसकट घट्ट बरणीत, फ्रिजमध्ये. तिथून दहा बिया ओल्या टिश्यूत गुंडाळून २९-३० अंशांवर आठवडाभर ठेवा. आठपेक्षा कमी उगवल्या तर तो आकडा पाकिटावर लिहा.

टपालाला साधं पाकीट चालत नाही. छाननी यंत्राच्या रुळांत बीचं कवच तडकतं, वरून दिसतही नाही. म्हणूनच सगळे बबल मेलर, म्हणजे आत हवेच्या फुग्यांचं अस्तर असलेलं पाकीट, मागतात. प्रत्येक बीवर बारीक मार्करनं ‘११८६’ लिहा, म्हणजे पाकीट फाटलं तरी ओळख राहते.

वेलावर मोझॅकसारखी चट्टेदार पानं दिसली असतील तर एकही बी बाहेर देऊ नका. स्क्वॉश मोझॅक विषाणू बीतून जातो.

कृष्णाकाठ

साताऱ्याचं मी सांगतो: साध्या टपालानं पाठवू नका. भारतात बियाणं आणायला २००३ च्या वनस्पती विलगीकरण आदेशाप्रमाणे आयात परवाना आणि पाठवणाऱ्या देशाचं आरोग्य प्रमाणपत्र लागतं. दहा बियांसाठीसुद्धा. लपवून पाठवलेल्या बीबरोबर रोग आला तर भावाच्याच नव्हे, शेजारच्या कलिंगड-काकडीच्या रानालाही झळ बसेल.

ओहायोचा_मळा

सगळ्यांचे आभार. पानांवर चट्टे नव्हते. बी देणाऱ्या काकांशी बोललो; त्यांना वीस बिया हव्या आहेत आणि बाकीच्या बिया वाटायला-विकायला त्यांची हरकत नाही. वीस क्लबच्या लिलावाला, दहा उगवण चाचणीला, पन्नास स्वतःला, उरलेल्या २१० तीन-तीनच्या पाकिटांत, वजन कळवायच्या अटीवर. चाचणीचा आकडा आला की इथेच टाकतो, त्याआधी पाकिटं निघणार नाहीत. साताऱ्याचं रद्द.