जुन्या घराच्या माडीवर माशांचा चार फुटी टँक: लाकडी जमीन पेलेल का?

माडीवाला_डिचोली
आमचं घर पणजोबांच्या काळचं. चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) भिंती, वर माडी, माडीची जमीन फळ्यांची, फळ्यांखाली ऐनाच्या लाकडाचे वासे. मोजमाप घेतलंय: वासा साडेतीन इंच रुंद, पाच इंच उंच, दोन वाश्यांमध्ये दीड फूट, भिंतीपासून भिंतीपर्यंत 11 फूट. बाबा निवृत्त झाले आणि त्यांना डेनिसन बार्बचा थवा पाळायचाय. हा मासा सतत पोहणारा, थव्यानं राहणारा, म्हणून टँक चार फुटांपेक्षा लहान नको. 120 × 45 × 50 सेंमीचा ठरवलाय. खाली ठेवता येत नाही, कारण खालच्या खोलीत चवथीला गणपती बसतो आणि वर माटोळी, म्हणजे फळं-पानं बांधलेली लाकडी चौकट, बांधतात. काका म्हणतात, चवथीला याच माडीवर तीसेक माणसं झोपतात, काही होत नाही, बिनधास्त ठेव. मला धीर होत नाही. कोणी असं केलंय का?

काचघर_मडगाव
आधी वजन धरा. आकारानं 270 लिटर. काठापर्यंत भरत नाही आणि रेती-दगडही जागा घेतात, म्हणून पाणी साधारण 220 ते 230 किलो. 10 मिमी काचेचा रिकामा टँक 55 किलोच्या आसपास. दोन इंच रेतीचा थर 40 किलो. वर दगड, लाकूड, फिल्टर आणि स्टँड. 400 किलो धरून चाला.
चार पायांचं लोखंडी स्टँड घेऊ नका. प्रत्येक पायावर 100 किलो येतील आणि पाय दोन वाश्यांच्या मधे पडला तर सगळा भार एकट्या फळीवर. खालून पूर्ण चौकट असलेलं स्टँड घ्या, त्याखाली 18 मिमीचा वॉटरप्रूफ प्लाय. प्लायनं एकूण वजन कमी होत नाही, फळ्यांवर ते पसरतं, एवढंच.

चिरा_आणि_वासा (फोंडा)
जुनी घरं दुरुस्त करायचंच माझं काम, म्हणून जरा सविस्तर लिहितो.
काकांचा अनुभव खोटा नाही, पण माणसं खोलीभर पसरून झोपतात आणि सकाळी उठून जातात. टँक वर्षानुवर्षं एकाच जागी उभा राहणार. लाकूड थोडा वेळ पुष्कळ सोसतं, पण कायमच्या भाराखाली हळूहळू वाकत जातं आणि ते वाकणं पुरतं परत येत नाही. भारतीय मानकात राहत्या खोलीसाठी चौरस मीटरला साधारण 200 किलो भार धरतात. तुमचा टँक अर्ध्या चौरस मीटरवर 400 किलो टाकतोय.
तरीही जमेल. टँकची लांबी वाश्यांना आडवी ठेवा, म्हणजे तीन वासे भार वाटून घेतील. वासे कुठून जातात ते फळ्यांवरच्या खिळ्यांच्या रांगा सांगतील. आणि टँक भिंतीला लागून ठेवा. 11 फुटांच्या वाश्यावर मधोमध ठेवला तर जेवढा वाकवणारा जोर येतो, त्याचा तिसरा हिस्साच भिंतीपासून फूटभर अंतरावर येतो.
पण इथंच आपल्याकडे गोम आहे. भिंतीजवळ ठेवा हा सल्ला कोरड्या मुलखात डोळे झाकून मानावा. गोव्यात वर्षाला 3000 मिमीच्या आसपास पाऊस पडतो, चिरा पाणी पितो, आणि वासा सडतो तो भिंतीत शिरलेल्या टोकालाच. मधे ठणठणीत, टोकाला भुसा. टँक भिंतीशी नेला की जवळजवळ सगळा भार त्याच टोकावर येतो. म्हणून खालच्या खोलीत शिडी लावा आणि वासा जिथं भिंतीत शिरतो तिथं आरी (टोकदार टोच्या) दाबा. चांगल्या ऐनात टोक जेमतेम रुततं. सडलेल्यात बोटभर आत जातं आणि बाहेर काढताना ओलसर, तपकिरी चुरा येतो. हातोडीनं ठोकूनही बघा: बद्द आवाज आला तर आत पोकळ. वाळवीच्या मातीच्या नळ्या दिसतात का तेही बघा. सगळे वासे तपासा, रंगावर विसंबू नका. तेलरंगाखाली कुजलेलं लाकूडही झकास दिसतं.

माडीवाला_डिचोली
मेस्ताला (सुताराला) बोलावून बघितलं. पश्चिमेच्या भिंतीतल्या तीन वाश्यांत आरी सरळ आत गेली. समोरच्या, देवघराकडच्या आतल्या भिंतीतली टोकं कोरडी, दगडासारखी. मेस्त म्हणाला, खोलीच्या मधोमध खांब देऊया. पण मग माटोळीचं काय?

चिरा_आणि_वासा (फोंडा)
मधे खांब नको. टँक आतल्या भिंतीला न्या. ती भिंत जमिनीपर्यंत सलग चिऱ्याची आहे, खाली दरवाजाची पोकळी नाही, एवढं नक्की करा. मनात शंका राहत असेल तर भिंतीला चिकटून वाश्यांखाली एक आडवी तुळई घाला, दोन टोकांना खांब. खोली मोकळी राहते, माटोळीला धक्का नाही. खांब थेट लादीवर उभा करू नका, खाली काँक्रीटचा पाया आणि लोखंडी बूट (खांबाचं टोक बसतं ती लोखंडी बैठक) द्या, म्हणजे वाळवीला सहज वाट मिळणार नाही. तुळई आणि वासा यांच्या फटीत पाचर ठोकताना घट्ट होईपर्यंतच ठोका. वासा वर उचलला गेला तर वरच्या फळ्यांचे सांधे उघडतील.
पश्चिमेचे तीन वासे मात्र टँक असो वा नसो, पुढच्या पावसाआधी दुरुस्त करा. त्याच माडीवर तुमची माणसं झोपतात. टोकं कापून दोन्ही बाजूंना नवं लाकूड बोल्टनं जोडता येतं, अख्खा वासा बदलावा लागत नाही. आणि पाणी आत येतं कुठून ते आधी शोधा. बहुतेक वेळा कौलांची कड तुटलेली असते.

काचघर_मडगाव
भरताना घाई नको. टँक रिकामा असताना खालच्या जमिनीपासून वाश्यापर्यंत बरोबर बसेल अशी एक काठी कापून ठेवा. तिसरा हिस्सा पाणी भरा, रात्रभर थांबा, काठी लावून बघा. वासा दोन-तीन मिमी दबला तर चालेल, पण रोज आणखी दबत असेल तर पाणी काढा. स्टँडवर लेव्हलही लावा. एक कोपरा खाली गेला तर काचेच्या सांध्यावर ताण येतो. त्या वेळी टँक रिकामा करून स्टँडखाली पातळ पट्टी द्यायची, भरलेला टँक उचलून बघायचा नाही.
पाणी बदलताना सांडलेलं पाणी फळ्यांच्या फटीत जातं, म्हणून प्लायवर रबरी चटई घाला आणि तिचे काठ वर वळवा. पावसाळा संपला की पुन्हा काठी लावा.