डक्सफर्डचा सप्टेंबरमधला एअर शो : वडिलांना घेऊन जावे का?

रेडिंगवासी

नमस्कार. माझे वडील भारतीय हवाई दलातून इंजिन फिटर म्हणून निवृत्त झाले असून सध्या नाशिकला असतात. सेवेची बहुतेक वर्षे त्यांनी नॅट या लढाऊ जेट विमानांच्या देखभालीत घालवली. यंदा ऑगस्टअखेर ते दोन महिन्यांसाठी आमच्याकडे रेडिंगला येत आहेत आणि नेमक्या त्याच काळात केंब्रिजजवळ डक्सफर्डला ‘बॅटल ऑफ ब्रिटन’ (१९४० ची ब्रिटन-जर्मनी हवाई लढाई) या नावाचा एअर शो आहे. त्यांना तिथे घेऊन जावे असे माझ्या फार मनात आहे, परंतु काही शंका आहेत.

पहिली शंका त्यांच्या प्रकृतीची. वय ७६ आहे, गुडघे दुखतात आणि अर्ध्या तासापेक्षा जास्त वेळ सलग उभे राहवत नाही. दुसरी शंका त्याहून मोठी आहे. काही वर्षांपूर्वी मी त्यांना बंगळूरच्या एअरो इंडिया या हवाई प्रदर्शनाला नेण्याचा बेत केला होता, तेव्हा त्यांनी “विमान वर गेले की फिटरचे काम संपले, वर बघत बसायला आपण काय वैमानिक आहोत?” असे म्हणून तो मोडीत काढला. तिकिटाचा आकडा रुपयांत सांगितला तर ते येणारच नाहीत, म्हणून तो मी सांगणार नाही. पण इतका खर्च करून त्यांनी दिवसभर खुर्चीत पेंगत बसावे, असेही व्हायला नको.

एक दिवस पुरेल की दोन्ही दिवसांची तिकिटे काढावीत? गाडीने जावे की रेल्वेने? आणि त्यांना ओळखीचे वाटेल असे तिथे काही सापडेल का? जाऊन आलेल्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

केंब्रिजस्थ

मी गेली अकरा वर्षे, पावसामुळे पडलेले दोन खाडे वगळता, या शोला जात आहे. तुमच्या वडिलांचे वाक्य वाचले आणि लगेच उत्तर लिहायला बसलो, कारण तुमच्या दिवसाचे वेळापत्रक त्या वाक्यातच आहे. बहुतेक प्रेक्षक उड्डाणे सुरू होण्याच्या थोडे आधी येतात, खुर्च्या मांडतात आणि वर पाहत बसतात. तुम्ही मात्र फाटक उघडण्याच्या वेळेलाच पोहोचा. उड्डाणे दुपारी सुरू होतात. तोपर्यंतचे काही तास विमाने धावपट्टीलगतच्या गवतावर रांगेने उभी असतात आणि त्यांच्याभोवती तेलकट कपड्यांतली माणसे वावरत असतात. कुठे काउलिंग (इंजिनाचे झाकण) उघडलेले असते, कुठे इंधन भरणे चालू असते, तर कुठे दोघे-तिघे मिळून रेडियल (सिलिंडर चक्राकार मांडलेल्या) इंजिनाचा प्रोपेलर हाताने फिरवत असतात. खालच्या सिलिंडरांत साचलेले तेल काढल्याशिवाय इंजिन चालू केले तर काय होते, हे तुमच्या वडिलांना मी सांगायची गरज नाही. या रांगेजवळून फिरण्यासाठी ‘फ्लाइटलाइन वॉक’ असतो. त्याचा समावेश मुख्य तिकिटात आहे की ते वेगळे घ्यावे लागते, हे आरक्षण करतानाच नीट पाहून घ्या आणि वेगळे असेल तर ते पैसे अजिबात वाचवू नका. माझ्या मते खरा शो तोच आहे, दुपारचा भाग ही त्याची पुरवणी.

डक्सफर्ड हे शोसाठी उभारलेले मैदान नसून पहिल्या महायुद्धाच्या काळातला जुना हवाई तळ आहे आणि आज तिथे इंपीरियल वॉर म्युझियमची शाखा आहे. स्पिटफायर हे लढाऊ विमान ब्रिटिश हवाई दलाच्या सेवेत प्रथम दाखल झाले ते इथेच, ऑगस्ट १९३८ मध्ये, १९ व्या स्क्वाड्रनकडे. १९४० च्या लढाईत वैमानिक डग्लस बेडरची बहुचर्चित ‘बिग विंग’ (अनेक स्क्वाड्रनची एकत्रित फळी) इथून उडत असे आणि १९४३ पासून अमेरिकेचा ७८ वा फायटर ग्रुप इथे थंडरबोल्ट लढाऊ विमाने घेऊन होता. लाकडी कैच्यांच्या छपराचे जुने हँगर अजून वापरात आहेत. मुळात ते चार होते, पण त्यांपैकी एक १९६८ साली चित्रपटातल्या बाँबहल्ल्याच्या दृश्यासाठी उडवून देण्यात आला, याची हळहळ इथले जुने लोक आजही व्यक्त करतात. धावपट्टीही पूर्वी लांब होती. एम ११ महामार्गाने तिचे पूर्वेकडचे टोक कापले आणि ते कापले जाण्याआधी, ऑगस्ट १९७७ मध्ये, एक काँकॉर्ड इथे कायमचे येऊन उतरले. ते आत पाहता येते.

एक दिवस पुरे आहे, कारण शनिवार आणि रविवारचा कार्यक्रम जवळपास सारखाच असतो. कार्यक्रमपत्रिकेत छापलेले प्रत्येक विमान दिसेलच, असे मात्र गृहीत धरू नका. ब्रिटिश हवाई दलाचे ‘बॅटल ऑफ ब्रिटन मेमोरियल फ्लाइट’ हे जुन्या विमानांचे पथक लिंकनशरमधल्या कॉनिंग्जबीहून येते आणि तिथे ढग खाली आले असतील तर डक्सफर्डला लख्ख ऊन असूनही त्यांचे लँकॅस्टर बाँबर येत नाही. जगात उडण्याच्या स्थितीतली लँकॅस्टर दोनच आहेत, त्यामुळे तिच्या बाबतीत कोणी धोका पत्करत नाही हे योग्यच आहे. स्पिटफायरची गोष्ट वेगळी आहे. तिची चाके एकमेकांच्या इतकी जवळ आहेत की आडवा वारा वाढला की वैमानिक सावध होतात, तर हरिकेन या दुसऱ्या लढाऊ विमानाची चाके रुंद अंतरावर असल्यामुळे ती जास्त निर्धास्तपणे उतरते. डक्सफर्डचेच रहिवासी असलेले ब्लेनहाइम बाँबर मात्र चुकवू नका, कारण जगात उडणारे ब्लेनहाइम तेवढे एकच आहे. चार इंजिनांचे बी-१७ ‘सॅली बी’ हेही इथलेच.

प्रकृतीबद्दल सांगायचे तर मैदान जवळजवळ मैलभर लांब आहे आणि एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे गर्दीतून चालणे धडधाकट माणसालाही जड जाते. घडीची खुर्ची सोबत न्या, कंट्रोल टॉवरच्या आसपास मधोमध बैठक मारा आणि दिवसभर तिथेच मुक्काम ठेवा. रेल्वेने आलात तर व्हिटल्सफर्ड पार्कवे स्थानकावर उतरून पुढचे दोन-तीन मैल स्वतःची सोय करावी लागते, म्हणून वडिलांसोबत गाडीच बरी. रेडिंगहून सकाळी लवकर निघालात तर पावणेदोन तासांत पोहोचाल. परतताना मात्र शेवटचे विमान उतरताच गाडीकडे धावू नका. सगळे तेच करतात आणि सगळे वाहनतळातच अडकतात. डब्यात पोळीभाजी असेल तर ती याच वेळेसाठी राखून ठेवा.

लोहगावचा जुना

वरील उत्तराशी पूर्ण सहमत आहे. मी तुमच्या तिसऱ्या प्रश्नापुरते लिहितो, कारण तिथे तुमच्या वडिलांना जे ओळखीचे वाटेल ते बहुतेकांच्या लक्षातही येत नाही.

डक्सफर्डच्या ‘द फायटर कलेक्शन’ या संग्रहात एमव्ही २९३ क्रमांकाचे स्पिटफायर आहे. ते १९४५ मध्ये भारतात पाठवले गेले होते आणि १९७८ मध्ये ब्रिटनला परत नेण्यात आले. हे एकटेच नाही. भारतीय हवाई दलाने सेवेतून काढून टाकलेली स्पिटफायर विमाने सत्तरच्या दशकात परदेशी संग्राहकांनी शोधून नेली आणि त्यांतील काही आज पुन्हा उडतात. आपल्याकडे जे भंगार म्हणून कोपऱ्यात पडले होते त्याला तिकडे सोन्याचे मोल आले, हे वाचून वाईट वाटते. पण ती भारतातच राहिली असती तर उडाली असती का, याचे प्रामाणिक उत्तर मला तरी देता येत नाही.

लिबरेटर बाँबरची कथा तर याहून चमत्कारिक आहे. युद्ध संपल्यावर इंग्रजांनी कानपूरला सोडून दिलेली आणि पुन्हा वापरता येऊ नयेत म्हणून मुद्दाम मोडतोड केलेली ही विमाने हिंदुस्थान एअरक्राफ्ट या विमान कारखान्याच्या माणसांनी दुरुस्त केली, उडवत बंगळूरला नेली आणि हवाई दलाने ती १९६८ पर्यंत वापरली. आज जगातल्या संग्रहालयांत जी मोजकी लिबरेटर दिसतात, त्यांतील बरीच अशी भारतातून गेलेली आहेत. ब्रिटिश हवाई दलाच्या आरएएफ म्युझियमच्या संग्रहातलेही त्यांतलेच. हे काम ज्यांनी केले ते सगळे तुमच्या वडिलांच्याच बिरादरीतले, म्हणजे फिटर.

डाकोटा हे जुने वाहतूक विमान दिसले तर त्यांना हेही आठवण करून द्या की आपल्या हवाई दलाच्या व्हिंटेज फ्लाइटमधले (जुन्या विमानांच्या ताफ्यातले) ‘परशुराम’ नावाचे डाकोटा ब्रिटनमध्येच दुरुस्त होऊन २०१८ मध्ये उडत भारतात आले. त्याला व्हीपी ९०५ हा क्रमांक दिला गेला, तो १९४७ मध्ये श्रीनगरला सैन्य उतरवणाऱ्या डाकोटाच्या स्मरणार्थ.

शेवटी एक तांत्रिक मौज. स्पिटफायरच्या रांगेत प्रोपेलरची पाती मोजायला सांगा. पाच पाती दिसली तर ते ग्रिफन इंजिन आहे, सुमारे ३७ लिटरचे. चार किंवा कमी असतील तर बहुधा २७ लिटरचे मर्लिन. ग्रिफन मर्लिनच्या उलट दिशेने फिरते, त्यामुळे मर्लिनची सवय झालेल्या वैमानिकाचे विमान उड्डाणाच्या वेळी भलत्याच बाजूला ओढ घेत असे. दोन्ही इंजिने पाठोपाठ चालू झाली की आवाजातला फरक तुम्हालाही कळेल, वडिलांना तर डोळे मिटूनही कळेल.

टेलिलेन्स

छायाचित्रे काढणार असाल तर दोन गोष्टी सांगतो. डक्सफर्डला प्रेक्षक धावपट्टीच्या उत्तरेला उभे असतात, म्हणजे भर दुपारी सूर्य थेट समोर येतो आणि विमाने काळ्या सावल्यांसारखी दिसतात. उशिरा दुपारी ऊन पश्चिमेकडे कलल्यावर परिस्थिती सुधारते, त्यामुळे सुरुवातीच्या छायाचित्रांवरून निराश होऊ नका. दुसरे म्हणजे प्रोपेलरच्या विमानांसाठी शटरचा वेग १/२५० सेकंद किंवा त्याहून संथ ठेवा. जेटच्या सवयीने १/१००० वर ठेवलात तर पाती गोठलेली दिसतात आणि विमान दोऱ्याने टांगलेल्या खेळण्यासारखे वाटते. हात हलून निम्मी छायाचित्रे वाया जातील, ती जाऊ द्यावीत. वडिलांसाठी टोपी, गॉगल आणि कानात घालायचे बोळे अवश्य न्या.

रेडिंगवासी

सर्वांचे मनापासून आभार. शनिवारचे तिकीट फ्लाइटलाइन वॉकसह काढले आहे. जाऊन आल्यावर इथे लिहीन.

रेडिंगवासी

लिहिण्यास उशीर झाला, क्षमस्व. आम्ही शनिवारी जाऊन आलो.

सकाळी फाटकापाशी पोहोचलो तेव्हा आमच्या पुढे मोजकीच माणसे होती. गुडघ्यांचा विषय वडिलांनी विमानांची रांग दिसल्यानंतर काढलाच नाही. पहिल्या हरिकेनपाशी ते थांबले आणि मागच्या भागावरचे कापड बोटाने दाखवत आतल्या पोलादी नळ्यांबद्दल मला समजावू लागले. मी आजवर त्यांना एवढे सलग बोलताना ऐकले नव्हते. पुढे पाच पात्यांचे एक स्पिटफायर उभे होते. त्याच्या इंजिनाचे झाकण काढलेले होते आणि साधारण तिशीतला एक तंत्रज्ञ आत हात घालून काम करत होता. वडील दोरीपलीकडून बराच वेळ पाहत राहिले आणि मग त्यांनी आपल्या हवाई दलाच्या इंग्रजीत त्याला लॉकिंग वायरला (बोल्ट सैल होऊ नयेत म्हणून बांधायच्या तारेला) दर इंचाला किती पीळ देता, असे विचारले. तो मुलगा वळला, त्याने वडिलांकडे नीट पाहिले आणि तुम्ही कोणत्या विमानांवर काम केले आहे, असे उलट विचारले. नॅटचे नाव ऐकताच तो दोरीपाशी आला. त्यानंतरची वीसेक मिनिटे मी तिथे असून नसल्यासारखा होतो. शेवटी त्याने खिशातून तारेचा एक तुकडा आणि पक्कड काढून वडिलांच्या हातात दिली. वडिलांची बोटे आता थरथरतात, परंतु पीळ सरळ आला. तो तुकडा त्यांनी पाकिटात ठेवला आहे.

दुपारच्या उड्डाणांबद्दल माझे काहीच गाऱ्हाणे नाही. लँकॅस्टर वाऱ्यामुळे आले नाही, पण ब्लेनहाइम आले आणि डझनभर स्पिटफायर एकत्र डोक्यावरून गेली तेव्हा शेजारच्या वृद्ध इंग्रज बाईंच्या डोळ्यांत पाणी आले. वडील खुर्चीत बसून थर्मासमधला चहा पीत होते. विमान उडताना भोवतीचे लोक उठून उभे राहत आणि ते बसून असत. विमान उतरले की लोक बसत आणि ते उठून, हाताचा आडोसा करून, ते विमान जमिनीवरून हळूहळू जागेवर येऊन इंजिन बंद होईपर्यंत पाहत. ‘लोहगावचा जुना’ यांनी सांगितलेला मर्लिन आणि ग्रिफनचा फरक त्यांना खरोखरच पाठ फिरवूनही ओळखता येत होता, याची मी दोनदा परीक्षा घेतली.

‘केंब्रिजस्थ’ यांच्या सल्ल्याप्रमाणे पोळीभाजी वाहनतळातच खाल्ली. तेव्हा वडिलांनी विचारले की उद्या रविवारीही विमाने अशीच सकाळी उभी असतील का. असतील, असे मी म्हणालो. मग ते म्हणाले, “तिकिटे मिळतात का बघ. सकाळी लवकर येऊ आणि उड्डाणे सुरू व्हायच्या आत निघू, म्हणजे परतताना गर्दी लागणार नाही.”