शर्ली: नाव मुलीचं, मुलाचं की गावाचं?

प्रश्न: वसईला आमच्या शेजारी स्टॅन्लीअंकल आणि त्यांची बहीण शर्लीमावशी राहतात. आई म्हणते, सोनाली, रूपाली, वैशाली तशी शर्ली. 'ली' आलं की नाव बाईचं. मग स्टॅन्लीअंकलच्या नावात 'ली' कुठून आला? मावशींना लहानपणी कुणीतरी सांगितलं होतं की शर्ली म्हणजे 'गोड मुलगी'. हे खरं आहे का?

उत्तर: 'गोड मुलगी' हा अर्थ त्या शब्दात कुठेच नाही. शर्ली हे मुळात गावाचं नाव. इंग्लंडात डर्बीशायर, सरे (तो भाग आता लंडनमध्ये येतो), हॅम्पशायर अशा भागांत शर्ली नावाची वेगवेगळी ठिकाणं आहेत. आपल्याकडे गावावरून पाटणकर, सातारकर झाले तसे तिथे गावावरून शर्ली आडनावाचे लोक झाले, फक्त 'कर' न लावता. आडनावाचं पुढे पहिलं नाव झालं, आणि तेही पुरुषाचं.

भावाबहिणीच्या नावातला 'ली' मात्र एकच आहे. जुन्या इंग्रजीत 'लेआह' असा शब्द होता. त्याचा अर्थ रान, आणि रान तोडून मोकळी केलेली जागा असाही. एकाच शब्दाला जंगल आणि मोकळी जमीन असे दोन्ही अर्थ कसे, असं वाटेल. पण आपला 'रान' शब्द घ्या. 'रानात वाघ आहे' म्हटलं की जंगल, आणि 'बाबा रानात गेलेत' म्हटलं की शेत. माणसाने झाडं तोडून जमीन कसायला घेतली तरी शब्द जुनाच राहिला. 'लेआह'चंही तेच झालं. स्टॅन्ली म्हणजे दगडाळ रान, ऍश्ली म्हणजे ऍश नावाच्या झाडांचं रान. या 'ली'चा स्त्रीलिंगाशी काही संबंध नाही. ईकारान्त नाव कानावर पडलं की आपल्याला ते बाईचं वाटतं, इतकंच.

मला यात सगळ्यात आवडतं ते वेगळंच. भाषेचे अभ्यासक या 'लेआह'चं नातं संस्कृत 'लोक'शी जोडतात. 'लोक'चा जुना अर्थ माणसं किंवा जग नव्हे, तर मोकळी जागा. ऋग्वेदात 'उरुं लोकम्' असा प्रयोग आहे, म्हणजे ऐसपैस मोकळी जागा. त्रैलोक्यातला लोक आणि शर्लीतला 'ली' एकाच मुळाचे!

प्रश्न: 'ली' कळला. 'शर्' म्हणजे काय? आणि पुरुषाचं नाव बायकांकडे कसं गेलं?

उत्तर: 'शर्'च्या मागे जुन्या इंग्रजीतला 'स्कीर' हा शब्द आहे. त्याचे दोन अर्थ होते. एक उजळ, लख्ख. दुसरा परगणा, जो यॉर्कशायरमधल्या 'शायर'मध्ये अजून दिसतो. त्यामुळे शर्ली म्हणजे 'उजळ रान' किंवा 'परगण्याचं रान'. कुठल्या गावाला कुठला अर्थ लागू, ते त्या त्या गावाच्या जुन्या कागदांवरून ठरवावं लागतं. मला 'उजळ रान' जवळचं वाटतं. दाट झाडीतून चालत आल्यावर एकदम ऊन अंगावर येतं, तसली जागा.

आडनावच पहिलं नाव म्हणून ठेवायची चाल इंग्लंडात सोळाव्या शतकात वरच्या घराण्यांत दिसू लागली. आईच्या माहेरचं आडनाव मुलाला नाव म्हणून द्यायचे, म्हणजे ते घराणं विसरलं जात नसे. इंग्लंडची नऊ दिवसांची राणी लेडी जेन ग्रे, तिचा नवरा गिल्डफर्ड डडली. त्याच्या आईचं माहेर गिल्डफर्ड. १६०५ साली विल्यम कॅम्डेन या इतिहासकाराने नोंदवलं आहे की ही नवी चाल आमच्याकडेच आहे, बाकी ख्रिस्ती जगात नाही.

शर्लीचं पारडं फिरवलं ते १८४९ सालच्या शार्लट ब्रॉण्टीच्या 'शर्ली' या कादंबरीने. त्यातल्या आईवडिलांना मुलगा हवा असतो, होते मुलगी. तरी ठरवलेलं पुरुषी नाव ते तिलाच देतात. त्या नावाचं वेगळेपण तेव्हाच्या वाचकाला लगेच कळत होतं, आज सांगावं लागतं. पुढे शर्ली टेम्पल ही बालनटी आली आणि १९३५-३६ मध्ये अमेरिकेत जन्मलेल्या मुलींच्या नावांत मेरीखालोखाल शर्ली होतं. तरी पुरुष शर्ली लगेच संपले नाहीत. 'बिग डॅडी' म्हणून गाजलेला ब्रिटिश पैलवान, जन्म १९३०, त्याचं खरं नाव शर्ली क्रॅबट्री. बापाचंही तेच.

ऍश्लीही याच वाटेने गेलं. पुरुषाचं नाव होतं, १९९१ आणि १९९२ मध्ये अमेरिकेत मुलींच्या नावांत पहिलं आलं.

वसई-गोव्यात तर आणखी एक गंमत आहे. स्टॅन्ली, नेल्सन, विल्सन, क्लिफर्ड ही सगळी मुळात इंग्रजी आडनावं, आणि त्यांच्या मागे डिसोझा, परेरा अशी पोर्तुगीज आडनावं. एकाच माणसाच्या नावात दोन देशांची दोन आडनावं.

मूळ प्रश्नकर्ता: आज मावशींना सगळं वाचून दाखवलं. 'उजळ रान' त्यांनी दोनदा म्हणून पाहिलं. आई शेजारी भाजी निवडत होती. ती म्हणाली, "मग माझं काय चुकलं? वैशालीसुद्धा गावच की, लिच्छवींचं!"