मामांची सिंगल शॉट .22 रायफल : वाजवी किंमत किती धरावी?

नमस्कार मंडळी,

माझे मामा (वय 81, सदाशिव पेठ) शस्त्र परवाना सोडायचं म्हणताहेत. गुडघे गेलेत, आणि दर निवडणुकीला रायफल जमा करा, मग सोडवून आणायला हेलपाटे घाला, याला ते विटलेत. रायफल बीएसए या ब्रिटिश कंपनीची, .22 (म्हणजे नळीचा व्यास, इंचात), बोल्टची (हाताने मागेपुढे सरकवायच्या खिळीची). मॅगझिन नाही, दर वेळी एकेक गोळी हाताने भरायची. साठच्या दशकात घेतली तेव्हा मुळशीकडे सशांमागे जायचे. 1972 ला वन्यजीव कायदा आला आणि ती लोखंडी कपाटात गेली. आता बाहेर येते ती खंडेनवमीला, हळदकुंकू लावून घ्यायला.

लष्कर भागातल्या एका डीलरने 25 हजार सांगितले, तेही नळीत न बघता. मामा म्हणतात, विलायती माल आहे, आता येतो कुठे, एक लाखाच्या खाली हात लावू देणार नाही. सोसायटीतले एक निवृत्त सुभेदार घ्यायला तयार आहेत. त्यांच्या परवान्यावर .22 ची नोंद आहे. पण ‘तुम्हीच आकडा सांगा’ म्हणून त्यांनी चेंडू माझ्याकडे टोलवलाय.

मामांसमोर बोल्ट काढून नळी खिडकीकडे धरली. आतले आटे (गोळीला फिरकी देणाऱ्या खाचा) लख्ख दिसतात, फक्त तोंडाशी पाऊण इंचात तपकिरी ठिपके आहेत. दस्त्याला चीर नाही. मूळ काळा रंग हात लागतो तिथे उडालाय. नंबर परवान्याशी जुळतो. एवढ्यावरून किंमत कशी काढतात?

प्रतिसाद

डीलरचा आकडा सोडा, त्याला मध्ये नफा काढायचाय. मामांचाही सोडा, ती आठवणींची किंमत आहे.

खरा प्रश्न त्या ठिपक्यांचा. गोळी नळी सोडते ती तिथेच, तिथली कड खराब झाली की नेम फाकतो. चिंधीला तेल लावून पुसा. नुसता गंज असेल तर निघेल, नखाला खड्डा लागला तर समजा की किंमत उतरली. कुणी ‘इंचभर कापून देतो’ म्हणालं तर ऐकू नका, नळी आखूड करायला शस्त्र कायद्याचं कलम 6 आडवं येतं. शक्य असेल तर बालेवाडीच्या रेंजवर रीतसर परवानगी काढून 50 मीटरवर पाच गोळ्या मारून बघा. तो कागद सुभेदारांना दाखवला की निम्मी घासाघीस संपते. आणि रिकामा चाप ओढून दाखवत बसू नका. .22 ची पिन काडतुसाच्या कडेवर बसते, काडतूस नसेल तर चेंबरच्या, म्हणजे काडतूस बसतं त्या जागेच्या, काठाला खाच पाडते.

मी घेणारा असतो तर साफ नळीला 60 हजार, खड्डे असतील तर 40. त्यापुढे गिऱ्हाईकच नाही. 2019 पासून माणशी तीनऐवजी दोनच बंदुका, त्यामुळे हौशी मंडळींच्या परवान्यात जागा उरलेली नाही. व्यवहाराआधी पोलिसांना लेखी कळवून 45 दिवस थांबावं लागतं, तोवर इसारसुद्धा घेऊ नका.

एक विचारतो : पूजेला नळीच्या तोंडात झेंडू खोचता का? ओलं फूल रात्रभर राहिलं की नेमके असेच ठिपके येतात.

धागाकर्ता

खोचतो. लहानपणापासून तो मान माझाच आहे. मामांना 60 सांगेन, झेंडूचं मात्र सांगवत नाही.