मित्राचं सरकारी बिल थकलंय, आपण किती पुढे व्हावं?

भरतीओहोटी
मित्राचा छोटा छापखाना आहे. एका सरकारी कार्यालयाला त्याने नोंदवह्या छापून दिल्या. माल मिळाल्याची सही-शिक्क्याची पोच आहे, तरी वर्ष उलटलं, बिल निघत नाही. मित्र भिडस्त. ‘पुढच्या आठवड्यात बघू’ म्हटलं की नमस्कार करून परत येतो. म्हणून त्याच्याकडून अधिकारपत्र घेऊन आता मी जातो.
माझ्या मते अशा वेळी मित्राने उभं राहायलाच हवं. हा त्याच्या कष्टाचा पैसा आहे. सूक्ष्म-लघु उद्योगांच्या २००६ च्या कायद्यानुसार जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. पुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, तेही दरमहा चक्रवाढ व्याज लागतं. खरेदीदार सरकार असलं तरी सुटका नाही.

निवांत
अजिबात पटलं नाही. तुम्ही भांडून घरी जाल, पुढची ऑर्डर त्याला मागायची आहे! शिवाय तिऱ्हाईत माणूस फाइल विचारू लागला की टेबलावरचे लोक त्याला दलाल समजतात. व्याजाची भाषा केलीत तर मुद्दलही लांबेल. मित्राला सोबत करा, बोलू द्या त्यालाच.

जमाखर्च
लेखा शाखेत नोकरी केली आहे, म्हणून सांगतो. भांडण्याआधी बिल नेमकं अडलंय कुठे ते शोधा. अनुदानच (या खर्चासाठी कार्यालयाला मिळणारा निधी) आलं नाही, की बिल कोषागारातून आक्षेप लागून परत आलंय? आक्षेप कित्येकदा किरकोळ असतो: पुरवठा आदेशाचा क्रमांक चुकला, साठा नोंदवहीत नोंद नाही. ती त्रुटी दूर केल्याशिवाय साहेबांची इच्छा असूनही पैसे निघत नाहीत. आणि लेखी आदेश नसताना तोंडी सांगण्यावरून माल दिला असेल, तर काम फार अवघड. तोंडी विचारून उत्तर मिळालं नाही तर मित्राच्याच नावाने माहिती अधिकाराचा अर्ज टाका. दहा रुपये शुल्क, ३० दिवसांत उत्तर.

दारचा पिंपळ
एवढं कशाला? आमदारांच्या पीएचा एक फोन, बिल निघालं. सगळे हेच करतात.

भरतीओहोटी
@दारचा पिंपळ, अनुदान अपुरं असताना फोनवर आमचं बिल वर सरकलं, तर दुसऱ्या एखाद्या पुरवठादाराचं मागे पडतं. तोही कुणाचा तरी मित्र असेल. फोन करणार नाही. कुणी ‘खर्च’ मागितला तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाच्या १०६४ क्रमांकावर तक्रार करू. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यातल्या २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही गुन्हेगार ठरतो. सक्तीने द्यावी लागली तर सात दिवसांत कळवावं लागतं.
@जमाखर्च, पुरवठा आदेश आहे, आक्षेपाचं विचारतो.
@निवांत, दलालाचा मुद्दा मान्य. यापुढे अर्ज मित्राच्या सहीचा, आवक शिक्का घ्यायलाही तोच, मी शेजारी. पण पुढच्या ऑर्डरच्या भीतीने मागचे पैसे सोडायचे, हे नाही पटत. छपाईच्या कागदाचं देणं त्याने केव्हाच खिशातून भागवलंय.

निवांत
तर मग आधी मुद्दल मागा. ते हातात आल्यावर व्याजाचं त्याला ठरवू द्या.