मदत हवी आहे : ५१ व्या वर्षी माहेरचं नाव परत घ्यावं का?

लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीने नाव लिहिलं गेलं आणि मी कुंदाची मृणाल झाले. कोणी विचारलं नाही, मीही बोलले नाही. मागच्या महिन्यात बँकेत टोकन घेऊन बसले होते. "कुंदा..." अशी हाक आली आणि मी चटकन उठून उभी राहिले. हाक दुसऱ्याच बाईला होती!

तेव्हापासून डोक्यात तेच. राजपत्रात नाव छापून आणायचं, मग आधार, पॅन, पासबुक एकेक बदलायचं, ही कटकट जमेल. अडचण वेगळी आहे. नोकरी केली मृणालने, स्कूटर शिकली तीच, सासूबाईंचं आजारपणही तिनेच काढलं. कुंदा तर चोविसाव्या वर्षीच थांबली, लाजरीबुजरी. मग मी परत जातेय की तिसरीच कुणी होऊ बघतेय?

'मी नेमकी कोण?' या स्वतःच्या ओळखीच्या पेचाबद्दल लिहिणारे मानसशास्त्रज्ञ एरिक एरिक्सन यांनी १९३९ मध्ये अमेरिकेचं नागरिकत्व घेताना होम्बर्गर हे आडनाव मागे टाकून एरिक्सन घेतलं. एरिकचा मुलगा एरिक, म्हणजे आपणच आपला बाप! हा पेच मुख्यतः पौगंडावस्थेतला, असं तेच सांगतात. माझा जरा उशिराच आला म्हणायचा.

चाळिशीनंतर कुणी असं ठरवून नाव बदललंय का? घरच्यांच्या तोंडी बसायला किती दिवस लागले? आणि वागण्यात खरंच काही फरक पडला का?

नवरा विचारतो, "मी काय हाक मारू?" इतकी वर्षं तो मला 'अगं' म्हणतोय.